उसू आणि उजेके : वजडी आणि वाफेवरचा पाव, झुलू पद्धतीने

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात जून-जुलै हे थंडीचे महिने. ड्राकेन्सबर्गच्या माथ्यावर बर्फ पडतं, आणि पायथ्याच्या गावांत संध्याकाळी चुलीजवळून कुणाला उठवत नाही. अशा दिवसांत झुलू माणसाला काय खावंसं वाटतं म्हणून विचारलं, तर बरेच जण उसू आणि उजेकेचं नाव घेतील. उसू म्हणजे वजडी. उजेके म्हणजे भांड्यात ठेवून वाफेवर शिजवलेला मोठा गोल पाव. (यातला ‘के’ म्हणताना झुलू माणूस जीभ टाळूवरून सोडून ‘टक्’ असा आवाज काढतो. आपल्याला तो नाही जमला तरी पाव फुगतो.)

या जेवणाला महागडं किंवा दुर्मिळ असं काहीच लागत नाही. वजडी आपल्याकडे खाटकाकडे मिळते, मैदा-यीस्ट वाण्याकडे मिळतं आणि पाव वाफवायला मोदकपात्र चालतं. मराठी माणसाची परीक्षा होते ती मसाल्याच्या डब्यापाशी. वजडी म्हटली की आपला हात आपोआप आलं-लसूण, खोबरं आणि गरम मसाल्याकडे जातो. तो आवरायचा. झुलू घरात जुनी रीत म्हणजे पाणी, मीठ आणि मंद आच. चव वजडीच्या स्वतःच्या रसातून आणि चरबीतून येते. पहिल्यांदा तरी असंच करून बघा. मसालेदार वजडी आपल्याला येतेच, त्यासाठी आफ्रिकेत जायला नको.

आता याच प्रांतातल्या डर्बन शहराच्या आसपासच्या झुलू घरांत आज करी पावडर सर्रास असते, हेही खरं. 1860 पासून मद्रास आणि कलकत्त्याच्या बंदरांतून करारावरचे हिंदुस्थानी मजूर नाताळच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांच्या मागोमाग मसालेही गेले आणि हळूहळू शेजारच्या चुलींवर पोचले. त्यामुळे उसूत चमचाभर करी पावडर पडली तर जेवण ‘बाटत’ नाही. मात्र चमचाभरच.

कोणती वजडी घ्यायची

दक्षिण आफ्रिकेत उसू बहुतेक वेळा गाईबैलांची असते. महाराष्ट्रात ती मिळणार नाही, तर बोकडाची घ्यावी. ही काही तडजोड नव्हे. झुलू घरात पितरांसाठी, म्हणजे अमाद्लोझींसाठी, जे जनावर कापतात ते बऱ्याचदा बोकडच असतं, आणि त्यातलं काहीही वाया घालवत नाहीत. म्हशीची वजडी मिळत असेल तर तीही चालेल. ती जाड असते, तिला वेळ दुप्पट द्यायचा.

चार जणांना एक किलो वजडी लागते. शिजल्यावर ती निम्म्याच्या जवळपास आटते, म्हणून हे प्रमाण जास्त वाटलं तरी कमी करू नका. खाटकाला सांगून जाळीदार भाग, पापुद्र्यापापुद्र्यांचा भाग आणि जाड सपाट भाग असं मिसळून घ्या. नुसता सपाट भाग घेतला तर सगळे घास एकाच चवीचे लागतात. आतडी हवी असतील तर पाव किलो वेगळी घ्या. झुलूत त्यांना अमाथुम्बू म्हणतात आणि ती याच भांड्यात शिजतात.

परदेशात राहणाऱ्यांना सुपरमार्केटात पांढरीशुभ्र, धुवून-उकळून ठेवलेली वजडी मिळते. ती झटपट शिजते, पण बरीचशी चव त्या धुलाईत गेलेली असते. ओळखीचा खाटीक असेल तर काळपट, कमी धुतलेली मागा.

आधी वेळेचं गणित

दुपारी एकला जेवायचं असेल तर सकाळी नऊला वजडी धुवायला घ्या. दहाला ती चुलीवर चढते. तिची उकळी बसली की पावाचं पीठ मळायचं. पीठ फुगेपर्यंत तासभर जातो, मग ते भांड्यात घालून आणखी वीस मिनिटं ठेवायचं आणि पन्नास मिनिटं ते एक तास वाफवायचं. पाव उतरेपर्यंत उसूचा रस आटलेला असतो. पालेभाजी शेवटच्या पंधरा मिनिटांची. कुकर वापरणार असाल तर उलट करा : पीठ आधी मळा, वजडी नंतर.

वजडी धुणं

चांगली की वाईट उसू, हे निम्मं इथेच ठरतं. खाटकाने ‘साफ करून दिली आहे’ म्हटलं तरी घरी धुवायचीच. आधी नळाखाली धरून प्रत्येक घडी उलगडा; पापुद्र्यांच्या भागात वाळू आणि गवताचे कण दडून बसतात. मग परातीत घेऊन दोन मूठ जाडं मीठ आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर किंवा एका लिंबाचा रस घाला आणि पाच मिनिटं चांगली चोळा. पाणी राखाडी, फेसाळ होईल. धुवा, पुन्हा चोळा, पुन्हा धुवा. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच.

काळी साल राहिली असेल तर वजडी अर्धा मिनिट कडकडीत पाण्यात बुडवून काढा आणि सुरीच्या बोथट बाजूने खरवडा. सुटायची तेवढी साल सहज सुटते. थोडी राहिली तर राहू द्या, तिच्यामागे हात धुवून लागू नका.

शेवटी मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात दहा मिनिटं खळखळ उकळून ते पाणी टाकून द्या. वास बराचसा याच पाण्याबरोबर जातो. सगळा जात नाही आणि जाऊही नये. थोडासा गोठ्याचा वास हा उसूचा स्वभाव आहे. खिडकी उघडी ठेवा, शेजाऱ्यांना जेवायला बोलवा.

शिजवणं

जुन्या रीतीत तीन पायांचं बिडाचं भांडं लाकडांच्या निखाऱ्यांवर बसवतात. आपल्याकडे जाड बुडाचं पातेलं आणि घट्ट झाकण पुरे. उकळलेल्या वजडीचे दोन-अडीच इंचांचे तुकडे करा; आटून ते बरेच लहान होतात, म्हणून आताच बारीक चिरू नका. तुकडे बुडून वर दोन बोटं येईल इतकं ताजं पाणी आणि एक अख्खा सोललेला कांदा घाला. मीठ आता फक्त एक चमचा. रस आटणार आहे, उरलेलं मीठ शेवटी.

एकदा उकळी आली की आच इतकी कमी करा की पाण्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा. बोकडाच्या वजडीला दीड ते दोन तास, म्हशीच्या वजडीला तीन ते चार. पाणी कमी झालं तर उकळतं पाणी घाला, गार नको. कुकरमध्ये पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर बोकडाची पंचवीस-तीस मिनिटं आणि म्हशीची पाऊण तास. कुकरने गॅस वाचतो आणि वजडी मऊही होते, पण रस पातळ राहतो, म्हणून नंतर उघड्यावर आटवावा लागतो. माझं मत विचाराल तर रविवार असेल तेव्हा पातेलं.

शिजली की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. एक तुकडा काढा, गार होऊ द्या आणि अंगठा-बोटात दाबा. बोट रुतलं पाहिजे, पण तुकडा तुटता कामा नये. दातालाही तेच जाणवेल : आधी किंचित विरोध, मग मऊ. रबरासारखा परत उसळला तर अजून अर्धा तास. उलट जास्त शिजून लगदा झालेली उसू झुलू आजीला दाखवायच्या लायकीची नाही.

आता झाकण काढा. अख्खा कांदा रसातच चेपून टाका. दोन मध्यम बटाटे मोठ्या फोडी करून घाला आणि आच मध्यम करा. बटाटे शिजता शिजता रस आटतो आणि बटाट्याच्या कडा विरघळून तो दाट होतो. वीसेक मिनिटांनी पाणी जवळजवळ संपतं आणि भांड्यातला आवाज बदलतो : खदखद थांबून चुरचुर सुरू होते. म्हणजे सुटलेल्या चरबीत तुकडे परतले जाऊ लागले. इथे दोन मिनिटं उभं राहा. चमच्याने तळ खरवडत परता, तुकड्यांना तांबूस डाग पडू द्या. करी पावडर घालायची असेल तर ती याच क्षणी, एक चहाचा चमचा. घरात नसेल तर धने-जिरे पूड एक चमचा, हळद पाव चमचा, तिखट पाव चमचा. गरम मसाला आणि गोडा मसाला नको. मग कपभर उकळतं पाणी घालून तळाला लागलेलं सगळं सोडवा, चव बघून मीठ घाला, पाच मिनिटं उकळा. रस पळीतून सावकाश ओघळेल इतका दाट हवा.

तेल कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. कोवळ्या बोकडाची वजडी अगदीच कोरडी निघाली तर चमचाभर तेल माफ.

उजेके

गहू या भागात युरोपीय लोकांबरोबर आला. त्याआधीपासून झुलू बायका ओल्या मक्याचे दाणे वाटून, मक्याच्याच पानात गुंडाळून वाफवत आल्या आहेत. त्याला इसिन्क्वा सोम्बिला म्हणतात, आणि तो अजूनही होतो. मैद्याचा उजेके हा त्यानंतरचा, पण आज लग्न असो वा मयत, मोठ्या पातेल्यांतून तो निघतोच. डर्बनच्या वॉरविक बाजारात गाईबैलांची डोकी उकळून मांस विकणाऱ्या बायका आहेत. त्या मांसाबरोबरही असाच वाफेवरचा पाव असतो. घरी मात्र डोक्याचं मांस परंपरेने पुरुषांच्या वाट्याचं. उसूवर असली बंदी नाही, सगळे एका भांड्याभोवती बसतात.

अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (सपाट दोन चहाचे चमचे), दोन मोठे चमचे साखर, एक चहाचा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल आणि सव्वातीनशे मिलीलीटर कोमट पाणी. पाणी मनगटावर ऊबदार लागावं, भाजू नये. उन्हाळ्यात मुंबई-नागपूरकडे यीस्ट पाच ग्रॅम पुरे. शंभर ग्रॅम मैद्याऐवजी कणीक घेतली तर चव छान येते. मग पाणी दोन चमचे वाढवा.

कोरडे जिन्नस एकत्र करा, पाणी घाला आणि मळायला लागा. पहिली तीन-चार मिनिटं पीठ हाताला इतकं चिकटतं की वरून मैदा भुरभुरावासा वाटतो. भुरभुरू नका. पोळीच्या कणकेपेक्षा हे पीठ बरंच सैल असायला हवं. घट्ट पीठ वाफेत फुगत नाही. तेलाचा हात लावा आणि मळत राहा. दहाव्या मिनिटाच्या सुमारास ते परातीपासून सुटून एक गोळा होतं. बोटाने दाबलं की खळगा हळूहळू भरून येतो. तेवढं झालं की झाकून ठेवा.

दुप्पट व्हायला तास लागतो, मे महिन्यात चाळीस मिनिटं, पुण्याच्या डिसेंबरात दीड तास. थंडीत बंद ओव्हनमध्ये किंवा कपाटात, शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून. फुगलेलं पीठ मुठीने दाबून हवा काढा आणि गोळा वळून तेल लावलेल्या स्टीलच्या खोल भांड्यात ठेवा. भांडं दोन-अडीच लिटरचं हवं. पिठाने ते निम्मंच भरलं पाहिजे. झाकून वीस मिनिटं ठेवा.

वाफवणं

मोठ्या पातेल्यात तळाशी रिंग किंवा पालथी ताटली ठेवा, त्यावर पावाचं भांडं मावून वर चार बोटं जागा उरली पाहिजे. पाणी भांड्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. हे पाणी आधी खळखळ उकळून घ्या, मग भांडं आत ठेवा. मोदकपात्रात जागा पुरत असेल तर उत्तमच. कुकर वापरला तर शिट्टी काढून ठेवा.

झाकणाला पातळ सुती पंचा बांधायचा आणि त्याची टोकं वर गाठ मारून घ्यायची, म्हणजे ती गॅसवर लोंबणार नाहीत. पंचा नसेल तर झाकणावर साठलेलं पाणी थेंबथेंब पावावर पडतं आणि वरची बाजू चिकट, पिचपिचीत होते. गावाकडे काही जण पीठ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वाफवतात, ते मात्र उचलू नका.

आच मध्यम आणि वेळ पन्नास मिनिटं ते एक तास. पहिली चाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, कितीही कुतूहल वाटलं तरी. थंड हवा आत गेली की पाव मध्यभागी बसतो आणि पुन्हा उठत नाही. पाणी आटल्याची शंका आली तर आवाज ऐका : खळखळ ऐकू येतेय तोवर काळजी नाही. चाळीस मिनिटांनंतर सुरी मध्यभागी खुपसून बघा. कोरडी निघाली की झाला.

भांडं बाहेर काढून दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग पाव ताटावर उलटा. वरून तो फिकट पांढरा, गुळगुळीत दिसतो. कवच असं नसतंच. कापल्यावर आत ढोकळ्यासारखी बारीक जाळी हवी. आत गिच्च लागला तर वाफ कमी पडली. आंबूस वास आला तर पीठ जास्त फुगलं होतं, पुढच्या वेळी यीस्ट कमी करा.

घाईच्या दिवशी याच पिठाचे लिंबाएवढे गोळे करून आटत आलेल्या उसूवर सोडतात आणि झाकण लावून वीस-पंचवीस मिनिटं शिजवतात. त्यांना इदोंबोलो म्हणतात. त्यासाठी रस जरा जास्त ठेवा, गोळे तो पिऊन टाकतात.

बाजूला इमिफिनो

इमिफिनो म्हणजे शेताच्या बांधावरून, पडीक जमिनीवरून खुडून आणलेली पालेभाजी. त्यातली इम्बुया ही माठ-राजगिऱ्याच्याच कुळातली, त्यामुळे शोधाशोध नको : माठाची एक मोठी जुडी आणि मिळाली तर भोपळ्याची कोवळी पानं. पानांवरची लव आणि देठाच्या शिरा आधी सोलून काढा. एक कांदा चमचाभर तेलात मऊ करा, चिरलेली भाजी आणि मीठ घाला, अर्धी वाटी पाणी, झाकण. दहा मिनिटं. लसूण-मिरचीची फोडणी नाही. पोटभरीची हवी तर शेवटी मक्याचा रवा भुरभुरून आणखी पंधरा मिनिटं वाफवा. मग तिला इसिग्वांबा म्हणतात आणि पावाची गरजच उरत नाही.

अळकुड्या घरात असतील तर सालासकट मिठाच्या पाण्यात उकडून बाजूला ठेवा. झुलूंचे अमादुंबे ते हेच, आणि डर्बनमध्ये 1910 पासून भरणाऱ्या अर्ली मॉर्निंग मार्केटात त्यांचे ढीग असतात.

मांस खात नसाल तर

उजेकेबरोबर घेवड्याची उसळही तितक्याच आवडीने खातात. पाव किलो चित्रा राजमा रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी टाका आणि कुकरमध्ये मऊ शिजवा. पातेल्यातच शिजवणार असाल तर पहिली दहा मिनिटं खळखळ उकळी हवीच, कच्च्या राजम्यातला अपायकारक अंश मंद आचेवर जात नाही. तीन चमचे तेलात दोन कांदे, एक टोमॅटो, एक गाजर, एक बटाटा परता, चहाचा चमचाभर करी पावडर घाला, राजमा घाला. पळीने थोडा राजमा चेपून रस दाट करा. इथे तेलात कंजुषी नको, वजडीसारखी स्वतःची चरबी राजम्याकडे नाही.

वाढताना

पाव बोटभर नव्हे, चांगला दोन बोटं जाड कापायचा. पातळ काप रसात विरघळून जातो. खोलगट ताटात उसू, बाजूला भाजी, पाव हातात. चमचे ठेवू नका. वर काही तिखट हवं असेल तर हिरवी मिरची ठेचून मिठाबरोबर वेगळी द्या, भांड्यात घालू नका. अमासी, म्हणजे झुलूंचं आंबवलेलं दाट दूध, या ताटात घेऊ नका. त्याची जोडी फुथूशी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या मोकळ्या, उपम्यासारख्या पदार्थाशी आहे, आणि जुन्या घरांत ते घरच्याच माणसांचं अन्न असतं; नव्या सुनेलाही रीतसर विधी झाल्याशिवाय सासरचं अमासी खाता येत नाही.

उरलेली उसू फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहते आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. ती थिजून घट्ट होईल. अर्धा कप उकळतं पाणी घालून मंद आचेवर मोकळी करा. उजेके मात्र मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतो. त्याचे काप पाच मिनिटं पुन्हा वाफवा, नाहीतर तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून चहाबरोबर खा.